इनसाइड : १

आधीच सांगतो, ही गोष्ट रात्रीची नाही. हिच्यात स्मशान नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. तसलं वाचायला आला असाल तर इथूनच मागे फिरा.

हे भर दुपारी घडलं. टळटळीत उन्हात.

४ ऑगस्ट २०१५, मंगळवार. वेळ साडेअकरा. देश कतार.

आणि हे खरं आहे. शपथ घेत नाही, कारण एकदा मी छापील कागदावर सही करून खोटं बोललोय. तेव्हापासून माझ्या शपथेला काही अर्थ उरलेला नाही. तुम्ही वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

कंपनीचं नाव देणार नाही. माणसांची नावं बदलली आहेत. मला शौनक म्हणा. मूळ नाशिकचा, बारा-तेरा वर्षं झाली दोह्यात. बायको मालविका, मुलगी गार्गी. आम्ही दोघं तिच्याशी मराठीत बोलतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. इथे घरोघरी हेच.

फुटबॉलचा वर्ल्ड कप कतारला मिळाला आणि देशभर खणाखणी सुरू झाली. दोह्याबाहेर समैस्माच्या रस्त्याला सरावाची मैदानं बांधायची एक साईट होती. तिथल्या गेटवरचं हजेरीचं मशीन मी बनवलं होतं.

मशीन म्हणजे काय, तर एक छोटा काळा डबा, बोट ठेवायची काच आणि वर मोठी स्क्रीन. डब्यातलं सगळं डोकं माझं.

त्या काळात एक वेबसाइट होती. ब्राउझरमध्ये उघडायची आणि आपल्याला हवं तसं लिनक्स बनवून घ्यायचं. थाळी मागवताना आपण सांगतो ना, ही भाजी हवी, ती नको, तसं नुसतं टिक करत जायचं. हा प्रोग्रॅम हवा, तो नको. चालू झाल्यावर काय करायचं त्याच्या चार ओळी लिहायच्या. शेवटी ‘बिल्ड’चं बटण दाबायचं. पंधरा मिनिटांत अख्खी सिस्टीम एका फाइलमध्ये तयार! ती डब्यात भरली की डबा जन्मभर तेवढं एकच काम करणार. डब्यात भरायच्या आधी ती ब्राउझरमध्येच तासभर चालवूनही बघता यायची.

मला त्या साइटचं वेड होतं. चहाचा कप घेऊन बसायचो आणि कप संपेपर्यंत नवीन व्हर्जन तयार करायचो. ऑफिसात सगळे म्हणायचे, शौनक म्हणजे जादूगार. मलाही ते पटायला लागलं होतं. तिथेच माती खाल्ली.

इथे उन्हाळ्यात नियम आहे. तेव्हा साडेअकरा ते तीन उघड्यावर काम बंद असायचं. साडेअकराला सगळ्यांनी गेटवर बोट ठेवून बाहेर पडायचं, बसमध्ये बसायचं, कामगारांच्या राहायच्या कॅम्पवर जायचं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आकडा असायचा.

इनसाइड : ३१२.

लोक बाहेर पडतील तसा तो उतरायचा. साडेअकरानंतर आत कुणी राहिलं तर डबा सायरन द्यायचा आणि राहिलेल्याचं नाव दाखवायचा. शून्य झाल्याशिवाय सायरन थांबायचा नाही. ही कल्पना माझी होती बरं का. मीटिंगमध्ये मी छाती फुगवून सांगितलं होतं, “उन्हात एकही माणूस मागे राहणार नाही.”

आता संपतबद्दल सांगतो.

संपत केबलवाला. इलेक्ट्रिशियन. केजकडचा, वय चाळीसच्या आसपास, अंगाने काटकुळा. मशीन बसवायला गेलो तेव्हा मी फोनवर मालविकाशी मराठीत बोलत होतो. हा पलीकडून ओरडला, “आयला, आपला माणूस!”

मशीनचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. वीस वर्षं केबल ओढून, सिमेंट लागून त्याच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या होत्या. काचेवर बोट ठेवलं की लाल दिवा लागायचा आणि डब्यातली बाई म्हणायची, “प्लीज ट्राय अगेन.”

पुन्हा बोट. पुन्हा लाल.

“प्लीज ट्राय अगेन.”

“साहेब, ही बाई मला वळखंना,” संपत हसायचा. “बायको वळखती, पोरं वळखत्यात, हिलाच काय झालंय?”

सकाळी गार्ड त्याचा नंबर टाकून त्याला आत घ्यायचा. ४१७. पण साडेअकराला तीनशे माणसं एकदम गेटवर. तेव्हा नंबर कोण टाकत बसतो? संपत तसाच बाहेर पडायचा. आणि मशीनच्या हिशेबी आतच राहायचा.

मग सायरन.

एकटा संपत नाही, त्याच्यासारखे तीस-चाळीस जण होते. रोज सायरन, रोज नावं, रोज गार्ड आत जाऊन शोधणार, आत कुणी नाही. तोवर बस उभी. शेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्रीत माणसं ताटकळत.

एक दिवस संपत मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, माझ्यापायी सगळे उन्हात हुबे ऱ्हातात. शिव्या देत्यात पोरं. कायतरी करा की.”

मी म्हटलं, “करतो.”

त्याने दोन्ही हात जोडले.

खरा उपाय सोपा होता. या माणसांना कार्ड द्यायची. पण कार्ड मागवायला आठ-दहा दिवस लागले असते. त्याच संध्याकाळी साईट इनचार्ज संजीव सरांचा फोन आला. “यार शौनक, ये भोंपू बंद करो. कल से नहीं बजना चाहिए. खलास.”

मी घरी लॅपटॉप उघडला. मालविकाने चहा आणून दिला. साइटवर गेलो, सायरनची टिक काढली आणि स्टार्टअपच्या ओळींमध्ये एक ओळ वाढवली.

साडेअकरा वाजले की जो आत दिसतोय त्याला ‘आउट’ करा.

बस्स. एवढीच ओळ.

बिल्ड दाबताना मनात आलं होतं... एखादा खरंच आत राहिला तर?

आलं होतं. खोटं कशाला बोलू? पण मी स्वतःला सांगितलं, संजीव सर बघतील, गार्ड आहे, बसवाला आहे. चहा संपायच्या आत व्हर्जन बारा तयार झालं.

दुसऱ्या दिवसापासून सायरन बंद. साडेअकराच्या ठोक्याला स्क्रीनवर शून्य. सगळे खूश. संपत तर इतका खूश की त्याने मला गावाकडून आलेली शेंगदाण्याची चटणी कागदात बांधून दिली. ती आम्ही आठवडाभर खाल्ली.

आणि मग आला ४ ऑगस्ट.

मी त्या दिवशी ऑफिसात होतो. पुढचं सगळं मला हरिदासने सांगितलं. हरिदास बसचा ड्रायव्हर, साताऱ्याकडचा. संपत रोज त्याच्या मागच्या सीटवर बसायचा आणि बस सुटायच्या आधी बायकोला फोन करायचा. आपल्याकडे तेव्हा दोन वाजलेले असतात.

त्या दिवशी मागची सीट रिकामी होती.

हरिदास खाली उतरून म्हणाला, “सर, संपत दिसंना.”

संजीव सरांनी स्क्रीनकडे बोट केलं.

इनसाइड : ०.

“निकल गया होगा दूसरी बस से. चलो, यल्ला.”

बस निघाली.

तीन वाजून दहा मिनिटांनी सापडला. पंपरूमच्या खाली केबलची बंदिस्त खोली होती, तिथे. भिंतीला टेकून बसलेला. डाव्या हातात टेस्टर तसाच. म्हणजे बिचारा काम करत होता, चक्कर आली आणि बसला तो बसलाच. उजव्या हाताचं बोट पुढे धरलेलं होतं, हरिदास म्हणाला... काचेवर ठेवतात तसं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणला असता तर वाचला असता.

सायरन तर त्याच्याही आधी वाजला असता. त्याचं नाव स्क्रीनवर आलं असतं.

दोन दिवसांनी चौकशी. माझ्याकडे मशीनच्या नोंदींचा लॉग मागितला. मी प्रिंट काढली. ४१७, आउट, अकरा तीस शून्य शून्य.

त्या पानावर अडतीस नावं होती. अडतीसच्या अडतीस जण एकाच सेकंदाला बाहेर पडलेले. लहान मूल ओरडलं असतं की हे शक्य नाही. पण खोलीत कुणी ओरडलं नाही. अळीमिळी गुपचिळी. संजीव सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी कागदाकडे पाहिलं.

रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की कामगार वेळेवर बाहेर पडला आणि सुट्टीच्या वेळात परवानगीशिवाय परत आत जाऊन झोपला. चूक त्याची.

खाली एक ओळ होती. ‘लॉग तपासला, बरोबर आहे.’

त्या ओळीखाली माझी सही आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कसंतरी जगलो असतो. पण घरी कळवायला मराठी बोलणारा माणूस हवा होता. ऑफिसने ते काम मला दिलं.

त्याची बायको, सत्यभामा वहिनी. रडून रडून आवाज बसलेला. मी रिपोर्टमधलं सगळं सांगितलं. ते बाहेर आले होते, मग परत आत गेले, झोपले. मग ती म्हणाली, “भाऊ, ते बाहेर आले की मला फोन करत्यात. रोज. दोनच्या ठोक्याला. त्या दिवशी फोन आला न्हाई. बाहेर आले असते तर फोन आला असता ना?”

मी काय बोललो माहीत आहे?

“वहिनी... विसरले असतील.”

त्यानंतर नऊ दिवसांनी सुरू झालं.

संजीव सरांना स्क्रीनचा रंग बदलून हवा होता. मी साइट उघडली. जुनं काही नको म्हणून कोऱ्यावरून नवीन इमेज, म्हणजे ती सिस्टीमची फाइल, बनवली. आत एकही नाव नाही, एकही नंबर नाही. बिल्ड केली आणि ब्राउझरमध्ये चालवून बघितली.

डबा अजून बनलेलाही नव्हता. गेट नाही, काच नाही, माणूस नाही. नुसती फाइल, ती कुठल्या परदेशातल्या कॉम्प्युटरवर चालत होती देव जाणे.

स्क्रीन उजळली...

इनसाइड : १.

मी यादी उघडली. एकच ओळ. ४१७, इन, पाच बावन्न. पुढे आउटचा रकाना रिकामा.

म्हटलं, जुनी फाइल चुकून आली असेल. पुसून टाकली. दुसरं अकाउंट काढलं, दुसरा लॅपटॉप घेतला, पुन्हा पहिल्यापासून बिल्ड.

इनसाइड : १.

मी स्वतःच्या हाताने त्याला आउट केलं. आकडा शून्य झाला. सुटलो म्हणून उठलो, पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो.

ये रे माझ्या मागल्या. इनसाइड : १.

शेवटी साईटवर गेलो. मुद्दाम दुपारी, गर्दी नसताना. हीच चूक झाली. आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात ना, भर बाराच्या उन्हात एकट्याने ओसाड जागी जाऊ नये. आम्ही शिकलेले, आम्ही कशाला ऐकतोय!

बारा वाजायला आले होते. गार्ड त्याच्या एसी केबिनमध्ये, दार बंद. क्रेन थांबलेल्या. वारा नाही. कावळासुद्धा नाही. उन्हात सगळी साईट पांढरी पडलेली. मी डब्यासमोर उभा राहून लॅपटॉपची वायर जोडत होतो.

आणि काचेचा लाल दिवा लागला.

“प्लीज ट्राय अगेन.”

माझा हात काचेपासून लांब होता.

मी मागे पाहिलं. कुणी नाही.

“प्लीज ट्राय अगेन.”

पुन्हा लाल. थोडं थांबून पुन्हा. जसं कुणी बोट पँटला पुसतंय... आणि ठेवतंय. पुसतंय... आणि ठेवतंय.

मी वाकून काच बघितली. काचेवर मातकट ठसा होता. बोटाचा. पण आत एकही रेष नव्हती. नुसता गुळगुळीत, लांबट डाग.

रुमालाने पुसला. माझ्या डोळ्यांदेखत तो परत उमटला.

“प्लीज ट्राय अगेन.”

मी वायर, लॅपटॉप सगळं तिथेच टाकून गाडीकडे पळालो. गाडीत एसी फुल लावूनही घाम थांबेना. गार्डला नंतर विचारलं तर म्हणाला, “सर, दुपारी ते असंच वाजतं. आम्ही दार लावून घेतो.” म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

कंपनीला सांगून तो डबा काढला. दुसरीकडून विकतचं मशीन आणून बसवलं. जुना डबा टाकून द्यायची माझी हिंमत झाली नाही. घरी आणून कपाटात, चादरींच्या खाली ठेवला. वीज नाही, काच नाही, काही जोडलेलं नाही.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एका शुक्रवारी सकाळी आम्ही घरी होतो. मालविका पोहे करत होती. गार्गी सहा वर्षांची, बेडरूममध्ये खेळत होती. ती बाहेर येऊन माझ्या शर्टाला धरून म्हणाली, “बाबा, देअर इज वन इनसाइड.”

“काय?”

“वन इनसाइड. द कबर्ड सेज सो.”

मी घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

तेवढ्यात मलाही ऐकू आलं. चादरींच्या खालून, दबलेला. सायरन... मी स्वतः टिक काढून बंद केलेला सायरन.

मालविकाने गॅस बंद केला. तिनेही ऐकला. मिनिटभराने तो थांबला. तिने मीठ-मोहऱ्या आणल्या, गार्गीची आणि माझी दृष्ट काढली. रात्री मात्र सरळ विचारलं, “शौनक, तू काय केलंयस?”

मी तिला सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे, अर्धं. माझ्या त्या ओळीचं सांगितलं. ‘विसरले असतील’ हे नाही सांगितलं.

ती म्हणाली, “त्यांच्या घरी खरं कळव.”

मी म्हटलं, “नोकरी जाईल. केस होईल. गार्गीची शाळा आहे.” ती पाठ करून झोपली. आमच्यात त्यानंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलणं होत होतं.

मी उपाय केले. सुट्टीत त्र्यंबकेश्वरला जाऊन संपतच्या नावाने विधी करून आलो. मनात एकच, बाबा रे, बाहेर पड. मोकळा हो. आतून बाहेर ये. दर वेळी डबा जोडून त्याला आउट करायचो. दर वेळी तो परत आत.

नोकरी बदलली. मेसईदला, कारखान्यांच्या भागात, एका प्लांटमध्ये लागलो. हजेरी-बिजेरीशी संबंधच नाही. २०१८ ला ती वेबसाइटच बंद पडली. मेल आला, तुमच्या सगळ्या इमेज कायमच्या पुसल्या जातील. तो मेल वाचून मी खरंच पेढे आणले होते.

ज्या दिवशी पुसल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेअकराला कपाट वाजलं.

घर बदललं. डबा बरोबर आला. तीन वर्षं, चार वर्षं... रोज. एक मिनिट. आम्हाला सवय झाली, हेच जास्त भयंकर. पाहुणे असले की मालविका मिक्सर लावायची.

आता हा २०२२ चा ऑक्टोबर. महिन्याभरात वर्ल्ड कप. रस्त्यावर झेंडे, बिल्डिंगांवर खेळाडूंची चित्रं. ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी तिकिटं. मागच्या आठवड्यात आम्ही समैस्माच्या रस्त्याने जात होतो. ती सरावाची मैदानं दिसली. हिरवीगार, पाण्याचे फवारे उडतायत. गार्गी आता तेरा वर्षांची. ती खिडकीतून बघत म्हणाली, “बाबा, यू बिल्ट समथिंग हिअर, राइट?”

मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

घरी येऊन हरिदासला फोन केला, त्याच्याकडून नंबर घेतला आणि सत्यभामा वहिनींना लावला. सात वर्षांनी.

मी नाव सांगितल्यावर ती म्हणाली, “वळखलं भाऊ. तुमचा आवाज वळखला.”

मी सांगायला सुरुवात केली. सगळं. बोटं, सायरन, ती ओळ, चहाचा कप, अडतीस नावं, माझी सही. बोलता बोलता मी रडत होतो, लाज वाटत नाही सांगायला. डब्याचंही सांगितलं. म्हटलं, वहिनी, ते आत अडकलेत, मी त्यांना पुन्हा पुन्हा बाहेर काढतो, ते जात नाहीत.

ती म्हणाली, “म्हंजे ते बाहेर आलेच नव्हते.”

“नाही.”

“म्हंजे फोन करायचं इसरले नव्हते.”

“नव्हते.”

“सात वर्षं झाली भाऊ. रोज दोन वाजले की मनात यायचं, शेवटच्या दिवशी ह्यांना माझी आठवण न्हाई ऱ्हायली. तुम्ही म्हनला होता ना, इसरले असतील. गावात लोक म्हनायचे, कामचुकार होता, झोपायला गेला आन् मेला. पोरगं बापाचं नाव काढू देत न्हाई घरात.” तिने नाक ओढलं. “तुम्ही कशाला त्यांला बाहेर काढताय? त्यांला बाहेर काढू नका. ते बाहेर गेलेच नव्हते, एवढं लिवून द्या.”

फोन ठेवल्यावर मी कपाटातून तो डबा काढला. मांडीवर घेऊन बसलो.

सात वर्षं मी त्याला आउट करत होतो. आणि तो सात वर्षं एकच गोष्ट सांगत होता. इनसाइड, एक. मी आत होतो. माझ्या त्या अख्ख्या सिस्टीममध्ये तेवढी एकच नोंद खरी होती.

त्याने हे मला घाबरवायला केलं, की आठवण द्यायला? मुळात तो होता, की माझं डोकं फिरलं होतं? पण मग गार्गीने ऐकलं ते काय होतं? आणि काचेवरचा तो ठसा? कुणाकडे उत्तर असेल तर सांगा.

काल मी पत्र लिहिलं. जुन्या कंपनीला आणि त्या रिपोर्टवर सही करणाऱ्या प्रत्येकाला. कुठली ओळ कधी टाकली, कुणी सांगितली, कुणी टाकली, सगळं. खाली सही केली. मालविकाने वाचलं आणि म्हणाली, “पाठव.” आज सकाळी पाठवलं. एक प्रत वहिनींना. पुढे माझं काय होईल ते होवो.

आणि एक राहिलं.

सुरुवातीला म्हणालो होतो की माणसांची नावं बदलली आहेत. एक नाव बदललेलं नाही. ते बदललं असतं तर मी त्याला आणखी एकदा पुसलं असतं.

संपत लिंबाजी घोळवे. तालुका केज. नंबर ४१७.

तो साडेअकराला बाहेर गेला नव्हता. तो काम करत होता. तो विसरला नव्हता.

डबा समोर टेबलावर ठेवलाय. मालविका दारात उभी आहे, आज मिक्सर लावलेला नाही.

साडेअकराला चार मिनिटं आहेत.

वाजला तर काय करायचं ते मला माहीत नाही. आणि नाही वाजला तर...

तेही माहीत नाही.